शिक्का बसेल म्हणून कागदच काढायचा नाही?

"मुलाचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढू नका. एकदा शिक्का बसला की शाळा घेत नाही. बुद्ध्यांक सत्तरच्या वर असेल तर मिळत काहीच नाही. आणि आईवडील आहेत तोवर कागद हवाय कशाला?" हा मेसेज मला तीन पालक-ग्रुपांवर आला, खाली हात जोडलेले इमोजी.

शाळेचं आधी बघू. आमच्या मुलाला पहिल्या शाळेने नाकारलं तेव्हा त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हतंच. तो वर्गात कान झाकून बसायचा, तेवढं पुरलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि सरकारमान्य शाळांना भेदभाव न करता प्रवेश देणं बंधनकारक केलंय. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्कही आहे. शाळा टाळाटाळ करतातच, मान्य. पण भांडायला हातात काहीतरी लागतं. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मागायला गेलात की बोर्डही कागदच मागतं.

बुद्ध्यांकाचं विधान अर्धवट आहे, आणि त्यानेच जास्त नुकसान होतं. कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता (ऑटिझम) वेगळी, बौद्धिक दिव्यांगत्व वेगळं. ऑटिझम बुद्ध्यांकावर नाही, 'आयसा' या वागणुकीच्या चाचणीवर मोजतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ७० गुणांपासून ऑटिझम धरतात. पाढे धडाधड म्हणणारं मूलही त्यात बसू शकतं. बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी काढतानाही मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, हे विचारतात. तिथे कौतुक घरी ठेवून जा. "सगळं करतो हो आमचा बाळ!" म्हणणाऱ्या आजीला तर बाहेरच बसवा.

४० टक्क्यांच्या खाली प्रमाणपत्र मिळतं, पण बहुतेक सवलती मिळत नाहीत. ही रेघ मलाही पटत नाही.

राहिले आईवडील. मूल १८ चं झालं की आपण कायद्याने आपोआप पालक राहत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. त्याच न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा १ लाखापर्यंतचा, आधी वैद्यकीय तपासणी न करता मिळणारा. दोन्हीकडे प्रमाणपत्र लागतंच.

प्रमाणपत्राचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. तपासणीला सिव्हिलमध्ये सकाळी लवकर जा, आणि मुलाचा डबा विसरू नका.