माझ्या मुलाचं नाव शीतल आहे

आज लिहावंच लागतंय. गेले वीस दिवस फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, दारात चप्पल काढता काढता लोक मला एकच विचारताहेत, "अगं, शीतल? मुलगा झालाय ना?"

हो, मुलगा झालाय. आणि त्याचं नाव शीतल ठेवतोय. माझ्या आज्जाचं नाव.

माझं माहेर सांगलीजवळ, वारणाकाठी. आमच्याकडच्या जैन घरांत शीतल हे पुरुषाचं नाव आहे आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. चोवीस तीर्थंकरांपैकी दहावे शीतलनाथ. अजित, अभिनंदन, श्रेयांस, महावीर घरोघरी असतात, तसाच शीतल. डेअरीत दूध घालायला आलेला शीतल, ट्रॅक्टरवरचा शीतल, सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिलेला शीतल. शाळेत माझ्या वर्गात दोन होते, दोघंही मुलगे. पाचवीत बाहेरगावाहून एक मुलगी आली, तिचं नाव शीतल निघालं, तेव्हा आम्हाला नवल वाटलं ते तिचं.

सासर लोणंदचं. आमचं लग्न आंतरजातीय, दोन्ही घरांनी प्रेमानं लावून दिलेलं. तिथं आमच्या गल्लीत तीन शीतल आहेत. तिघीही सुना. सांगली ते लोणंद अंतर दोनशे किलोमीटरसुद्धा नाही, आणि तेवढ्यात एकच नाव पुरुषाचं बाईचं होतं. मग ते नाव बायकी कसं? कमल, विमल म्हटलं की आपल्याला आत्या-मावश्या आठवतात; उत्तरेकडे त्याच नावाचे काका-मामा असतात. ज्योती बसू तेवीस वर्षं बंगालचे मुख्यमंत्री होते. आणि शीतल हा शब्द तर बघा: शीतल वारा, शीतल छाया, शीतल जल. तो, ती, ते, तिघांनाही हा शब्द जसाच्या तसा चालतो.

जन्माच्या नोंदीत नाव घालायला माझा नवरा एका कार्यालयात गेला, तर खिडकीतल्या माणसानं अर्ज परत केला. "मुलगा आहे म्हणताय आणि नाव मुलीचं लिहिलंय. घरी एकदा विचारून या." बाळाचं नाव वर्षाच्या आत विनाशुल्क नोंदवता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. मुलाचं नाव ऐकणाऱ्याला पुरुषी वाटलं पाहिजे, असा नियम कुठंही नाही. नवरा दुसऱ्या दिवशी परत गेला आणि अर्ज देऊन आला.

सुरुवातीला मी सगळ्यांना आज्जाची एकच गोष्ट सांगत होते. आज्जा पैलवान होता. तालमीतल्या मातीत वाढलेला, जत्रेच्या मैदानात कुस्ती मारून फेटा बांधून घरी आलेला. हे ऐकलं की लोक गप्प व्हायचे. माझी नणंदही गप्प झाली. "पैलवान होते होय? मग ठीक आहे," म्हणाली.

त्या "मग ठीक आहे"नं मला रात्रभर झोप आली नाही. म्हणजे आज्जा पैलवान नसता तर हे नाव ठेवायला नको होतं? मी आज्जाच्या नावाची बाजू घेतेय असं मला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात समोरच्याचीच समजूत पक्की करत होते, की नाव जरा बायकी आहे खरं, पण माणूस चांगला मर्द होता, म्हणून चालवून घ्या. ती गोष्ट मी त्या दिवसापासून सांगायची बंद केली.

मला आठवणारा आज्जा मुळी पैलवान नव्हताच. हळद शिजवायच्या काहिलीपाशी उभा राहून घामानं भिजलेला, बोटांची नखं पिवळी झालेला म्हातारा होता तो. आजी अंथरुणाला खिळली, त्या दोन वर्षांत आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या आज्जानं घातल्या. पहिल्या पहिल्यांदा वाकड्या, नंतर आईपेक्षा सुबक. आजीचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पेज भरवायचा. कुणी म्हणालं, "पैलवान, हे बायकांचं काम," तर मान वर न करता म्हणायचा, "मग काय झालं?" मला माझ्या मुलाला त्याचं नाव द्यायचंय ते यासाठी.

पोराला पुढं त्रास होईल, हे सगळेच सांगतात. त्यांची काळजी मला कळते. माझा मामेभाऊ शीतल पुण्याला शिकायला गेला तेव्हा वसतिगृहाच्या यादीत त्याचं नाव मुलींमध्ये लागलं. ते एका दिवसात दुरुस्त झालं, पण पोरं वर्षभर त्याला "बाई" म्हणून हाका मारत होती. परवा मी त्याला सरळ विचारलं, "ठेवू का रे नाव?" तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "ठेव. नाव बदलायचं माझ्या कधी मनात आलं नाही. फक्त बाई म्हटल्यावर मला एवढी लाज का वाटायची, ते मला फार उशिरा कळलं."

इथंच सगळं अडलंय. मुलीला कुणी "हा आमचा मुलगाच आहे" म्हटलं की आईबाप खूश होतात. मुलाला मुलीसारखं म्हटलं की घरात सुतक. याच आपल्या सातारा जिल्ह्यात मुलींची नावं "नकोशी" ठेवलेली होती. पहिल्या दोन-तीन मुलींवर आणखी एक झाली म्हणून. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. शाळेत हजेरी घेताना रोज "नकोशी" ऐकून "हजर" म्हणणाऱ्या त्या मुली. त्या नावांवर किती घरांत अशी वीस वीस दिवस चर्चा झाली असेल? कुणी म्हणालं असेल का, की पोरीला पुढं त्रास होईल? माझ्या मुलाचं नाव "मुलीचं" आहे म्हणून जो जीव तळमळतो, तो तेव्हा का तळमळला नाही, हे मला खरंच विचारायचंय.

सासूबाईंशी मी हे सगळं बोलले. दरवर्षी पालखी लोणंदला आली की आमच्या घरी वारकरी उतरतात. मिशीवाले, काठीवाले, रापलेले म्हातारे गडी, आणि आई प्रत्येकाला "माऊली, पाणी घ्या" म्हणतात. तेही आईंना माऊलीच म्हणतात. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आई, पुरुषाला माऊली म्हटलं की आपण पाया पडतो ना?" त्यांनी लगेच होकार दिला नाही. त्यांना अजूनही विहान जास्त आवडतं आणि त्यांनी ते माझ्यापासून लपवलेलं नाही. पण काल गावाकडून फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "शीतल झोपलाय आत्ता."

रविवारी बारसं आहे. येणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती, नवी नावं सुचवू नका. जे बोलायचं ते माझ्याशी बोला, बाळाच्या पाळण्यापाशी नको. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिचा आत्ताच फोन आला होता. "शीतलकुमार म्हणू का गं? म्हणजे मुलाचं वाटेल."

मी म्हटलं, "नको ताई. नुसतं शीतल म्हणा."