शेजार बघून घर घ्या, इतिहास बघून नको

अमेरिकेत घर घेताय? अभिनंदन! छप्पर किती जुनं ते विचारा, तळघरात ओल आहे का ते भिंतीला हात लावून बघा. फक्त जुनी खरेदीखतं चाळायच्या फंदात पडू नका. एखाद्यात अट निघते, की ही जागा गोऱ्यांखेरीज कुणी विकत घ्यायची नाही, तिथे राहायचंही नाही. घरकामाला ठेवलेले नोकर तेवढे चालतील. मालकांचं मन मोठं! काही ठिकाणी आशियाई माणसालाही नाव घेऊन मज्जाव असतो. बिचकू नका. अशी अट कोर्टातून बजावता येणार नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच सांगितलं आणि १९६८ च्या कायद्याने असा भेदभावच बेकायदा ठरवला. ओळ कागदावर आहे तिथेच आहे. तुम्ही सही करा आणि पेढे वाटा.

शाळेचं रेटिंग मात्र जरूर बघा, पण ते कुठून आलं ते विचारू नका. १९३० च्या दशकात सरकारने शहरांचे नकाशे रंगवून घेतले. हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे धोका, आणि काळ्यांची वस्ती दिसली की बहुतेक लालच. सरकारी हमीचं गृहकर्ज अशा वस्त्यांना जवळपास मिळतच नसे. कर्ज नाही म्हणून घराला भाव नाही, भाव नाही म्हणून मालमत्ता कर तुटपुंजा, आणि शाळा बऱ्याच अंशी त्याच करावर चालतात. एवढं सगळं पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कोण ऐकणार? ‘त्या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही हो’ म्हणावं आणि बटाटेवड्याकडे वळावं.

काळ्यांना गुलामगिरीची नुकसानभरपाई द्यायचा विषय निघालाच, तर ‘इतक्या जुन्या गोष्टीचा हिशोब लावायचा कसा?’ असं विचारून टाका. १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा हिशोब बरोबर लागला होता. माणशी ३०० डॉलरपर्यंत. मिळाले मालकांना. सुटलेल्या माणसालाही १०० डॉलरपर्यंत मिळू शकत होते, देश सोडून जायला तयार असेल तर. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराचं नाव तर काढूच नका. तिथे १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने काळ्यांची भरभराटीला आलेली ग्रीनवुड वस्ती जाळली. ‘दंगल’ म्हटल्यावर विमा कंपन्यांनी हात वर केले. त्यातून वाचलेल्या, शंभरी ओलांडलेल्या दोन म्हाताऱ्या न्याय मागत होत्या, त्यांचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला. थांबलं की प्रकरण मिटतं, फक्त आयुष्य दांडगं लागतं.

इतिहासाची फारच हौस असेल, तर अटलांटाजवळ स्टोन माउंटनला सहल काढा. गुलामगिरी टिकवायला लढून हरलेल्यांचे तीन पुढारी तिथे डोंगरात कोरलेत, घोड्यांसकट. काम पुरं झालं १९७२ मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर. फोटो छान येतात.

आता घरचं. नागरिकत्व मिळायला गोरं असावं लागे, म्हणून तिथे स्थायिक झालेल्या भगतसिंग थिंड यांनी १९२३ मध्ये कोर्टात मांडलं, की आपण उच्चवर्णीय आर्य, सबब गोरे. कोर्टाला ते पटलं नाही आणि बऱ्याच भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. आपल्यासाठी दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, काळ्यांनी मार खात, तुरुंगात जात रेटलेल्या चळवळीच्या लाटेत. मुलांना मात्र ‘बाबा आयआयटीत होते म्हणून’ एवढंच सांगा. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना, हे रविवारच्या मराठी शाळेत काढू नका. पुस्तक कशाबद्दल आहे, असं एखादं कार्टं विचारायचं.

आणि सिएटलने २०२३ मध्ये केली तशी जातिभेदावर बंदी तुमच्या शहरात आणायचं घाटत असेल, तर सुनावणीला आवर्जून जा. इस्त्रीचा कुर्ता घाला आणि ठणकावून सांगा: जात आम्ही मुंबईच्या विमानतळावरच टाकून आलो, तेवीस किलोत बसत नव्हती. तिथे कुणी नवा मराठी माणूस भेटला तर प्रेमाने घरी बोलवा. आधी पूर्ण नाव तेवढं विचारून घ्या.