वॉलवर 'मी परवानगी देत नाही' लिहून मेटाची परवानगी रद्द होत नाही

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक जुना मजकूर पुन्हा फिरतो आहे. त्याचा गाभा असा: उद्यापासून मेटाचा (फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीचा) नवा नियम लागू होतोय, कंपनी तुमचे फोटो आणि माहिती वापरून पैसे कमावणार. वकिलांचा सल्ला आहे की 'मी परवानगी देत नाही' असे आपल्या वॉलवर टाका. शेअर करू नका, कॉपी-पेस्ट करा. टाकले नाही तर तुमची मूक संमती धरली जाईल.

पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण हा मजकूर टाकून बंदोबस्त झाला असे वाटते आणि ज्या सेटिंगमुळे खरोखर फरक पडतो ती तशीच राहते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'उद्यापासून नवा नियम.' हा 'उद्या' निदान २०१२पासून येतो आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये असाच मजकूर जगभर पसरला आणि कंपनीने तो खोटा असल्याचा खुलासा केला. सप्टेंबर २०२४मध्ये तो 'गुडबाय मेटा एआय' या नावाने परत आला. 'उद्या' म्हणजे कोणती तारीख, हे बहुतेक आवृत्त्यांत नसते.

'वकिलांचा सल्ला.' काही आवृत्त्यांत रोम करार आणि 'यूसीसी १-३०८' यांचा दाखला असतो. १९९८च्या रोम करारातून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभे राहिले. तिथे वंशसंहार, युद्धगुन्हे यांचे खटले चालतात आणि भारताने त्या करारावर सहीदेखील केलेली नाही. यूसीसी ही अमेरिकेतील व्यापारी व्यवहारांची संहिता आहे. तुमच्या फोटोंशी दोन्हींचा संबंध नाही.

'वॉलवर लिहिले की परवानगी रद्द.' खाते उघडताना तुम्ही अटी मान्य केल्या, तो करार झाला. भाडेकरारावर सही करून नंतर दारावर 'मला अटी मान्य नाहीत' असा कागद चिकटवला, तर करार बदलत नाही. या अटींनुसार फोटोची मालकी तुमचीच राहते. कंपनीला तो साठवण्याचा, दाखवण्याचा, बदलण्याचा विनामोबदला, जगभर चालणारा परवाना मिळतो. तुम्ही तो फोटो काढून टाकला आणि तो त्यांच्या यंत्रणेतून गेला की परवाना संपतो. म्हणजे परवाना संपवायचा मार्ग 'डिलीट' हा आहे, घोषणा नाही.

इथे एक बारकावा फार कमी लोकांना माहीत आहे. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून, माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती वगळली आहे. 'पब्लिक' ठेवलेला मुलीच्या वाढदिवसाचा फोटो, त्याखालचे शाळेचे नाव आणि जन्मतारीख हे सगळे तुम्ही स्वतःच त्या संरक्षणाबाहेर नेऊन ठेवता. 'पब्लिक'चे 'फ्रेंड्स' करणे हे त्या घोषणेपेक्षा किती तरी मोठे काम आहे. जुन्या सगळ्या पोस्ट एकदम मर्यादित करण्याची सोयही प्रायव्हसी सेटिंगमध्ये आहे.

'मूक संमती धरतील.' याच कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, माहिती घेऊन आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते. गप्प बसणे ही संमती नव्हे. मात्र नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर तरी या कायद्याच्या भरवशावर राहू नका.

आता मुख्य दावा: 'फोटो वापरून पैसे कमावणार.' पैसे ते कमावतातच, पण फोटोंच्या विक्रीतून नव्हे. २०२४मध्ये मेटाचे उत्पन्न सुमारे १६४.५ अब्ज डॉलर होते आणि त्यातले १६० अब्जांहून अधिक जाहिरातींचे. २०२३च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकने अमेरिका-कॅनडातल्या दर वापरकर्त्यामागे सरासरी ६८.४४ डॉलर मिळवले; आशिया-पॅसिफिकमध्ये, म्हणजे भारत ज्यात मोडतो त्या विभागात, ५.५२ डॉलर. फोटो तर आपणही तेवढेच टाकतो. फरक पडतो तो त्या माणसापर्यंत पोहोचायला जाहिरातदार किती मोजतो याने. विकली जाते ती ही पोहोच, आणि तिची किल्ली म्हणजे तुमची ओळख: मोबाइल नंबर आणि ईमेल.

कॉलेज रोडवरच्या एखाद्या कपड्यांच्या दुकानात बिल करताना नंबर मागतात. दुकानदार अशा नंबरांची यादी, प्रत्येकापुढे ९१ लावून, मेटावरच्या आपल्या जाहिरात खात्यात चढवतो. चढवतानाच प्रत्येक नंबराचे एसएचए-२५६ पद्धतीने एका लांबलचक सांकेतिक ओळीत रूपांतर होते. मेटा आपल्या वापरकर्त्यांच्या नंबरांचेही तसेच रूपांतर करते आणि दोन्ही ओळी जुळवते. जुळल्या की तुम्ही त्या दुकानाच्या 'कस्टम ऑडियन्स'मध्ये. 'आम्ही नंबर सांकेतिक करतो' हा दिलासा म्हणूनच अपुरा आहे: तुमचा नंबर मेटाकडे आधीच आहे. त्या यादीतले किमान १०० लोक जुळले की त्यांच्यासारखे दिसणारे आणखी लोक, 'लुकअलाइक', शोधून मिळतात. दुकानात कधी पाऊल न ठेवलेले लोकही असे सापडतात.

दुसरी वाट वेबसाइटची. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटची किंमत बांधकाम व्यावसायिकाच्या साइटवर पाहिली आणि तिथे मेटाचा पिक्सेल, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, बसवलेला असेल, तर ती भेट मेटाला कळते. संध्याकाळी फोनवर फ्लॅटच दिसू लागतात. फोन आपले बोलणे ऐकतो असे अनेकांना वाटते ते बहुधा इथूनच.

सुरक्षेसाठी दिलेला नंबरही यातून सुटलेला नाही. खाते सुरक्षित ठेवण्यासाठी घेतलेले नंबर आणि ईमेल जाहिरातींसाठी वापरल्याबद्दल अमेरिकेत ट्विटरला २०२२मध्ये १५ कोटी डॉलर दंड भरावा लागला. आपल्याकडे वापरकर्त्यांची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१च्या धोरणावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपये दंड केला. व्हॉट्सअ‍ॅपवरचे खासगी मेसेज एन्क्रिप्टेड असतात हे खरे. मेटा एआय या चॅटबॉटशी केलेल्या गप्पांचे तसे नाही. त्या १६ डिसेंबर २०२५पासून जाहिराती ठरवायला वापरल्या जातात आणि ते थांबवायचे बटण दिलेले नाही. तिथे आजार, कर्ज, घरातले वाद लिहू नका.

आता हाताने करायची कामे. अपडेटनुसार नावे थोडी बदलतात, क्रम साधारण हाच.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट्स सेंटर' उघडा. 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स'मध्ये 'युअर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' आहे. कोणकोणत्या साइट आणि अ‍ॅपनी तुमची माहिती पाठवली त्याची यादी तिथे दिसते. आधी 'क्लिअर', मग 'डिस्कनेक्ट फ्यूचर अ‍ॅक्टिव्हिटी'. नुसते क्लिअर केले तर उद्यापासून यादी पुन्हा भरते. इथेच बहुतेकांचे चुकते. डिस्कनेक्ट केल्यावर फेसबुकने लॉगिन केलेली इतर अ‍ॅप उघडणार नाहीत, म्हणून तिथे आधी ईमेल आणि पासवर्ड लावून घ्या. जाहिरातींची संख्या कमी होणार नाही. त्या तुमच्या मागावर असणे कमी होईल. त्याच भागात 'अपलोड कॉन्टॅक्ट्स' बंद करा, नाहीतर तुमच्या फोनमधल्या मावशी, काका, डॉक्टर सगळ्यांचे नंबर तुमच्या हातून जातात.

अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गूगल, मग अ‍ॅड्स, तिथे 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' (जाहिरातींसाठी फोनला दिलेली ओळख पुसणे). आयफोनवर प्रायव्हसीमध्ये ट्रॅकिंग आणि तिथे 'तुमचा माग काढू का?' असे अ‍ॅपना विचारण्याची मुभाच बंद करा. अ‍ॅपलने हा प्रश्न विचारणे २०२१मध्ये सक्तीचे केले, त्यामुळे २०२२मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असा अंदाज मेटानेच सांगितला होता. या एका बटणाचे मोल त्यावरून कळते.

शेवटी, एखादी जाहिरात खटकली तर तिच्या तीन टिंबांवर जाऊन 'व्हाय अ‍ॅम आय सीइंग धिस अ‍ॅड' बघा. यादी चढवून तुम्हाला गाठले असेल तर तसे तिथे लिहिलेले सापडते. दुकान ओळखीचे निघाले तर नंबर यादीतून काढायला सांगा. बिलासाठी नंबराची सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३मध्ये दुकानांना कळवले आहे. काउंटरवर 'नंबराशिवाय बिल द्या' म्हणायला संकोच नको.