उद्या याल ना?

आज सकाळी आमच्या जुन्या चॅनेलवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिझ वॉकरची माहिती टाकली. अमेरिकेत बॉस्टनच्या डब्ल्यूबीझेड या टीव्ही चॅनेलवर रोज संध्याकाळच्या बातम्या द्यायची. त्या शहरात त्या खुर्चीत बसलेली पहिली कृष्णवर्णीय अँकर. सगळं शहर चेहऱ्याने ओळखायचं तिला. मग ती धर्मशास्त्र शिकली, २००५ साली हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूलची पदवी घेतली आणि पुढे रॉक्सबरी प्रेस्बिटेरियन चर्चची पाळक झाली. खाली पहिलीच कमेंट काय, तर "टीआरपी गेला की देव आठवतो." त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची ही रांग. हसणाऱ्यांतल्या दोघांना मी हाताला धरून काम शिकवलंय, म्हणून जास्त लागलं.

मी देवभोळी नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. पण ती बातमी वाचली आणि मला ते आजोबा आठवले.

नोकरीचं दुसरं वर्ष. अपघात, रुग्णालयाचा मागचा दरवाजा, आत त्यांचा मुलगा. न्यूज डेस्कवरून दर पाच मिनिटांनी फोन, बाइट मिळाला का, म्हणजे कॅमेऱ्यासमोर ते दोन वाक्यं बोलले का? मी त्यांच्या शर्टाला लेपल, म्हणजे क्लिपवाला छोटा माइक, लावला. ते फार बोलले नाहीत. तो कुठल्या कुशीवर झोपायचा, एवढंच सांगत राहिले. डेस्कला त्यातले बारा सेकंद पुरले. मी लेपल काढायला हात पुढे केला तर त्यांनी वायर घट्ट धरून ठेवलेली. म्हणाले, "ताई, उद्या याल ना?"

मी "हो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझी ड्युटी एका पत्रकार परिषदेला होती.

आता सांगा, काय हसताय? आपण आयुष्यभर "हो" म्हणून निघून आलेली माणसं. चॅनेलच्या ओबी व्हॅनचं दार लागलं की संपलं. ही बाई २००१ मध्ये सुदानला गेली, तिथली गुलामगिरीची भीषण गोष्ट ऐकली आणि परतून गप्प बसली नाही. तिथल्या बायकांसाठी संस्था उभी केली, मुलींच्या शाळेसाठी झटली. परत गेली! आपल्या धंद्यात फॉलोअप म्हणजे बातमी थंड असताना भरायचा स्लॉट, आणि तोही रनडाऊनमधून, बुलेटिनच्या यादीतून, सगळ्यात आधी उडतो.

हो, चर्चमध्येही राजकारण असतं, खुर्चीला चिकटलेले पाळक असतात, दुःखाचं दुकान तिथेही मांडता येतं. मान्य. आणि कॅमेरा गेला नसता तर कित्येक गोष्टी दाबल्या गेल्या असत्या, हेही मान्य. (शिवाय आपले काही अँकर दीक्षा न घेताच रोज रात्री नऊला प्रवचन झोडतात, त्यांना कोणी हसत नाही.)

पण ती पाळक होती त्या चर्चमध्ये काय चालतं ते वाचलंत का कुणी? गोळीबारात, हिंसेत आपलं माणूस गमावलेले लोक एकत्र जमतात आणि बोलतात. बाकीचे ऐकतात. उपाय सांगायचा नाही, समजूत घालायची नाही. 'कॅन वी टॉक' नाव त्याचं. वाचता वाचता मनात आलं, ही तर मुलाखतच आहे. फक्त कानात "रॅप कर, रॅप कर", आटप आता, असं ओरडणारं कोणी नाही. म्हणजे ती आपलं काम सोडून कुठे गेलीच नाही. आपण घाईघाईत जे टाकून येतो, ते तिने उचललं.

सकाळी तावातावाने लिहायला बसले होते, आता राग उतरलाय. त्या दोघांनाही काय बोलू? त्यांना बाइट कसा घ्यायचा ते मीच शिकवलं. माणूस रडायला लागला की प्रश्न विचारू नकोस, फ्रेम धरून ठेव, हे वाक्य माझंच.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर बघितलं, लेपलच्या क्लिपमध्ये आजोबांच्या शर्टाचा निळा धागा अडकला होता. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत तो नखाने काढून टाकला आणि तोच लेपल साहेबांच्या कॉलरला लावला.