सैतान, ससा आणि अडीच सेंटीमीटर

नमस्कार,

‘पाँ द्यु गार’ या फ्रान्समधल्या रोमन काळातल्या पाण्याच्या पुलावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख मुलांसाठी म्हणायचा आणि आकड्यांचा नुसता भडिमार करायचा, सैतान आणि सशाची झकास गोष्ट मात्र दोन ओळींत गुंडाळायची. तिसरीतली तुमची मुलगी ‘अडीच सेंटीमीटर’पाशी उठून गेली. शिवाय, पाण्याच्या पुलासाठी थेट फ्रान्स कशाला गाठायचं?

आकड्यांबाबत मी हटून बसणार आहे. पुलाची 49 मीटर उंची लेखातून काढा, माझी हरकत नाही. ती फोटोतही दिसते. पण तो अडीच सेंटीमीटरचा आकडा काढला तर मागे नुसता एक जुना पूल उरतो. रोमन लोकांना उझेसजवळच्या झऱ्याचं पाणी नीम शहरात हवं होतं. सरळ रेषेत अंतर 20 किलोमीटर, पण मध्ये डोंगर. म्हणून पाट वळसे घेत गेला आणि 50 किलोमीटरचा झाला. एवढ्या वाटेत पाण्याला मिळालेला उतार किती? 13 मीटरही नाही. पंप नाही, मोटार नाही, पाणी आपल्या पायांनी चालत जायचं. कुठे चढ आला की ते तिथेच तुंबणार.

आणि गार्दों नदीची दरी आडवी आली. तिच्यावर कमानींचे तीन मजले चढवले: खाली 6, मधे 11 आणि वर छोट्या छोट्या 47, त्यातल्या आज 35 शिल्लक आहेत. पाणी वाहायचं ते सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बंदिस्त पाटातून. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याला दिलेला उतार म्हणजे तुमचे ते अडीच सेंटीमीटर! कन्येच्या कंपासपेटीतली पट्टी काढून तिला तेवढी लांबी दाखवा. मग ती उठून गेली तर लेख माझा वाईट.

यात एक गंमत लेखात जागेअभावी राहिली. पुलाच्या आधीच्या भागात त्या लोकांनी पाटाला उतार मुद्दाम जास्त दिला. त्यामुळे पाणी दरीपाशी थोडं खालच्या पातळीवर पोचलं आणि पूल तेवढा ठेंगणा बांधून भागला. पण उताराची शिल्लक तिथेच खर्चून बसल्यावर नीमपर्यंतचा उरलेला लांब पल्ला जवळजवळ सपाटीवरून काढावा लागला. आजचा गवंडी जे पाणसळ आणि ओळंब्याने करतो, तेच त्यांनी सुमारे 2000 वर्षांपूर्वी डोंगराच्या कडेकडेने मैलोन्‌मैल केलं. माझ्या मते खरा पराक्रम तो. कमानी फोटोत छान येतात म्हणून भाव खाऊन जातात.

आता ससा. गोष्ट अशी की गवंड्याचं काम नदी पुन्हा पुन्हा वाहून नेते, तेव्हा सैतान म्हणतो, ‘एका रात्रीत बांधून देतो, पण पुलावरून पहिला जो जाईल त्याचा जीव माझा.’ गवंड्याची बायको हुशार. ती ससा सोडते. बाई मला फार आवडते. पण ही गोष्ट सगळं श्रेय सैतानाला देऊन मोकळी होते. पाणी बंद पडलं, हे एवढं कशासाठी बांधलं होतं त्याचा विसर पडला, की अशा गोष्टी उगवतात. दगड मात्र वेगळं सांगतात. काही दगडांवर ‘दर्शनी बाजू, डावा, तिसरा’ अशा अर्थाची अक्षरं आणि आकडे कोरलेले आहेत, कुठला दगड कुठे बसवायचा ते कळावं म्हणून. सैतानाला खुणा कशाला लागतील? यातले काही दगड 6 टनांपर्यंतचे आहेत, आणि खालच्या दोन मजल्यांत ते चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर बसवलेत. पाटात मात्र आतून गळतीविरोधी गिलावा आहे. त्यावर पाण्यातला क्षार साचत गेला, काही ठिकाणी जवळजवळ अर्धा मीटर जाड. गीझरच्या कॉइलवर बसतो ना, तोच हा क्षार. शतकानुशतकं पाणी खरंच वाहिलं याचा हा पुरावा, आणि मुलांना मी सशाआधी हा दाखवीन.

राहता राहिलं फ्रान्स. दगडी कमानींवरून दरी ओलांडणारं पाणी मुलांना दाखवायचं तर मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही. आपल्याकडे कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी पुण्यात आणलेलं पाणी, औरंगाबादची नहर-ए-अंबरी, ही तोडीस तोड कामं आहेत, पण ती मुख्यतः जमिनीखालून जातात. (नीमच्या पाटाचाही बहुतेक भाग जमिनीखालूनच आहे, पूल हा त्याचा छोटासा तुकडा.) कात्रजवर लिहायचं मनात आहेच. तिथे कमानी नाहीत, त्यामुळे चित्रांची पंचाईत होणार. नळाच्या वाटेवर हवा खेळती राहावी म्हणून बांधलेल्या उच्छ्वासांचे फोटो तुमच्याकडे किंवा आणखी कुणाकडे असतील तर जरूर पाठवा. आकडे मात्र त्याही लेखात असतील.