‘५०० किलोमीटर चालवा, आवाज जाईल’: कुठला आवाज, ते आधी ठरवा

यामाहाच्या जुन्या आरएक्स १०० मोटरसायकलवाल्यांच्या फोनवर एक मेसेज सतत फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा: नवीन पिस्टन किट (पिस्टन, रिंगा, पिन) टाकल्यावर आवाज येणारच, घाबरू नका. ५०० किलोमीटर चालवा, आपोआप सेट होतो. तोवर पेट्रोलमध्ये डबल ऑइल टाका. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात, म्हणजे वरचा आवाज पिस्टनचाच. ५०० नंतरही राहिला तर क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा खालचा दांडा) गेली समजा.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं थोडं खरं आहे, आणि घोळ तिथेच होतो. एकेक घेऊ.

‘५०० किलोमीटरमध्ये सेट होतो’

रनिंगमध्ये सेट होतात त्या रिंगा. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाला, होनिंग करताना पाडलेल्या बारीक रेघांची टोकं झिजतात, रिंग बोअरला सगळीकडून टेकते, कॉम्प्रेशन सुधारतं. पिस्टन आणि बोअरमधली फट मात्र घासून वाढते, कमी होत नाही. किट बसवलं त्या दिवशी ढिलं होतं, तर ५०० किलोमीटरनंतर ते आणखी किंचित ढिलं असणार. आवाज कमी वाटला तर कान सरावलेत.

एक अपवाद आहे. सकाळी थंड इंजिनावर हलकी टकटक येते आणि मिनिट-दोन मिनिटांत विरते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर (बोअरचं आतलं अस्तर) बिडाचं, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. फट भरली की टकटक बंद. हा आवाज ५०० ची वाट बघत नाही, रोज येतो आणि रोज जातो. त्याला सोडून द्या. गाडी नीट तापल्यावरही टकटक राहिली, तर मात्र मोजमाप काढावंच लागेल.

आरएक्स १०० चा मूळ बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०. गाडी बंद झाली १९९६ मध्ये, त्यामुळे आज हातात येणारा ब्लॉक (सिलिंडर) बहुधा एकदा तरी रिबोअर झालेला, म्हणजे आतून कापून मोठा केलेला असतो, मिलिमीटरमध्ये: ०.२५, ०.५०, ०.७५, नाहीतर शेवटच्या १.०० वर पोचलेला. लेथवाल्याला फोनवर ‘पन्नासचा मार’ (म्हणजे मूळ मापावर ०.५०) सांगून नुसता ब्लॉक पाठवणारे खूप आहेत. तो बिचारा ५०.५० धरून बोअर मारतो, आणि बाजारातल्या किटचा पिस्टन निघतो थोडा बारीक. पिस्टन सोबत न्यायचा, मायक्रोमीटर स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या घेराच्या) खालच्या अंगाला, गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात लावायला सांगायचं, आणि त्या मापावर बोअर करून घ्यायचा. एवढ्या पिस्टनला फट साधारण तीन ते पाच शतांश मिलिमीटर लागते, म्हणजे लेथवाल्यांच्या भाषेत सव्वा ते दोन थाऊ (इंचाचे हजारावे भाग). नेमका आकडा किटच्या कागदावर किंवा मॅन्युअलमध्ये असेल तो धरा.

मेसेजवर माझा खरा राग आहे तो पुढच्या गोष्टीसाठी. काही आवाज असे असतात की ५०० सोडा, पाच किलोमीटरही चालवायचं नाही. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला हवा. तो उलटा बसला तर रिंगांची तोंडं रोखणाऱ्या पिना भलत्या बाजूला जातात, रिंगचं टोक पोर्टवरून (बोअरच्या भिंतीतल्या खिडकीवरून) सरकताना अडकतं आणि तुटतं. गजन पिनचं जुनंच लॉक (पिन जागेवर धरणारी तारेची कडी) परत वापरलं आणि ते खोबणीतून निसटलं, तर नव्या बोअरला उभी चर पडते. लॉक दरवेळी नवीन घ्यायचं, आणि त्याचं तोंड वर किंवा खाली ठेवायचं, आडवं नाही. हेड घासून घेतलेलं असेल किंवा ब्लॉकखालचं पॅकिंग पातळ टाकलं असेल, तर पिस्टन वर जाऊन हेडला टेकू शकतो. तो आवाज टणक असतो आणि रेस वाढवली की वाढतो. हे तपासायला सोल्डरची मऊ तार पुरते. प्लगच्या भोकातून गजन पिनच्या दिशेने बोअरच्या कडेपर्यंत सरकवायची, किक हाताने हळू फिरवायची, आणि चेपलेलं टोक मोजायचं. एक मिलिमीटरच्या आसपास आलं तर ठीक. फारच कमी आलं तर गाडी चालू करू नका.

‘तोवर डबल ऑइल’

या गाडीला ऑइलचा वेगळा पंप आहे. ब्लॉक उतरवताना ऑइलची नळी काढली असेल तर तिच्यात हवा अडकते, म्हणून पंपाची हवा काढेपर्यंत पहिल्या टाकीत थोडं ऑइल मिसळणं शहाणपणाचं. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण टाक्यामागून टाक्या डबल ऑइल कशाला? कार्ब्युरेटरच्या जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा तेवढा घटतो, म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं. वर प्लग काळा पडतो, सायलेन्सर तुंबतो. जाड ऑइलने ढिल्या पिस्टनचा आवाज दबतो हे खरं. गाडी विकायची असेल त्याला ते सोयीचंच.

‘वरचा आवाज म्हणजे पिस्टनच’

इथे माझीच फजिती सांगतो. किट बसवल्यावर रेस दिली की वरून ‘टिक टिक’. दोन रविवार हेड उतरव, चढव. पिस्टन स्वच्छ, रिंगा ठीक, पिन ठीक. तिसऱ्या रविवारी सायलेन्सर जिथे ब्लॉकला लागतो तिथे काळ्या ऑइलचा ओघळ दिसला. मी जुनंच चेपलेलं पॅकिंग परत लावलं होतं. तिथून निसटणारा धूर हुबेहूब धातूवर धातू आपटल्यासारखा वाजतो. नवीन पॅकिंग टाकलं, आवाज बंद.

हेडचं पॅकिंग फुटलं की असंच ‘चक चक’ होतं. गाडी चालू असताना सांध्यावर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे लगेच दिसतात. क्लचची दांडी दाबल्यावर आवाज बदलला किंवा गेला, तर तो क्लचकडचा, वरचा नाहीच. काही इंजिनांच्या फिन्समध्ये (ब्लॉक थंड ठेवणाऱ्या पात्यांमध्ये) रबराचे तुकडे असतात. ब्लॉक धुताना ते हरवले की फिन्स झणझणतात. आणि चढावर लोड आल्यावरच येणारी, डब्यात खडे हलवल्यासारखी टिणटिण म्हणजे नॉकिंग: ठिणगीचं टायमिंग पुढे गेलंय, किंवा कार्ब्युरेटरच्या रबरातून अथवा क्रँकच्या सीलमधून हवा ओढली जातेय. पिस्टनला भोक पाडणारा आवाज हा, आणि ऐकायला मात्र सगळ्यात किरकोळ.

लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक आधी हेडला, मग ब्लॉकला, मग खालच्या केसला लावून बघा. बऱ्याचदा एवढ्यावरच पत्ता लागतो. हात सायलेन्सरला लागू देऊ नका.

‘नाहीतर क्रँक गेली’

जुन्या खालच्या भागावर नवीन कॉम्प्रेशनचा जोर आला की आधी दबलेला बिग-एंडचा (रॉड क्रँकला जिथे जोडतो तिथला) आवाज उघडा पडतो, हे मान्य. तो खालून येतो, जड आणि बोदा. पण क्रँक उघडायला सांगण्याआधी ब्लॉक काढा, रॉड पार वरच्या टोकाला आणा आणि सरळ वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडा हलतो ते चालतं, वर-खाली जरासुद्धा हलता कामा नये. मग नवीन गजन पिन आणि निडल बेअरिंग रॉडच्या वरच्या डोळ्यात घालून तीच पिन हलवून बघा. रॉड घट्ट पण पिन खडखडतेय, तर वरचा डोळा झिजलाय. पिन नवीन आणि बेअरिंग जुनंच ठेवलं असेल, तर आधी बेअरिंग बदला. क्रँक उघडण्याच्या मानाने हा खर्च काहीच नाही.