शेवटाचं सुतक

आपल्याकडे बहुतेक दुःखांची सोय लावून ठेवलेली आहे. घरातलं माणूस गेलं तर तेरा दिवस आहेत, भावकीतलं लांबचं कुणी गेलं तर एक आंघोळ पुरते, लग्न मोडलं तर मावश्या धावून येतात, आणि भारत फायनल हरला तर अख्खी सोसायटी बरोबर रडते. पण साडेअकरा वर्षं चाललेल्या जपानी चित्रकथेचा शेवट फसला तर रडायचं कुणापुढे, याबद्दल शास्त्र गप्प आहे.

मी ‘अटॅक ऑन टायटन’बद्दल बोलतेय. (ज्यांना अजून वाचायची आहे त्यांनी इथूनच उठावं. पुढे मी काही लपवणार नाही, मी भरलेली आहे.) क्यूशू बेटावरच्या हिता भागातल्या, डोंगरांनी वेढलेल्या गावात वाढलेल्या हाजिमे इसायामा नावाच्या तेविशीतल्या पोराने २००९मध्ये ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सुरू केली. माणसं तीन प्रचंड भिंतींच्या आत राहतात, बाहेर माणसं खाणारे राक्षस, आणि एरेन नावाच्या मुलाला बाहेर पडायचंय. बस, एवढंच. मग महिन्यामागून महिने आम्ही त्याच्या मागे वेडे. लेखकाच्या गावाने तर २०२०मध्ये धरणापाशी एरेन आणि त्याचे जिवलग मिकासा, आर्मिन या तिघांचे पुतळे बसवले. लहानपणीचे तिघं धरणाच्या भिंतीकडे मान वर करून बघतायत. माणसाच्या हयातीत आणि गोष्ट संपायच्या आत पुतळा! आपल्याकडे निदान तेवढा धीर धरतात.

शेवटचं, १३९वं प्रकरण ९ एप्रिल २०२१ला आलं. त्याच शुक्रवारी रात्री आठपासून महाराष्ट्रात पहिला वीकेंड लॉकडाऊन लागला. म्हणजे नायकाने भिंतीबाहेर पडायच्या नादात ऐंशी टक्के मानवजात तुडवून ठेवली, आणि ते वाचून मी चार भिंतींत. टपरीवर जाऊन कटिंगबरोबर शिव्या घालायचीही सोय नाही. उरलं कोण, तर घरचे.

“कोण गेलं?” माझा चेहरा बघून आईने विचारलं. तो काळच असा होता की हा प्रश्न खरा होता, त्यामुळे मला आधी “कुणी नाही, कुणी नाही” करावं लागलं. मग सांगितलं.

आई गवार मोडत होती. जग तुडवलं इथपर्यंत तिने शांतपणे ऐकलं, मालिकांत याहून वाईट होतं. मग मी म्हटलं की दुसऱ्या प्रकरणात एरेनच्या आईला राक्षस खातो ना, तो तिच्याकडे वळला तोही एरेननेच वळवला म्हणून, भविष्यातून. गवार तशीच हातात राहिली.

“स्वतःच्या आईला?”

“हो.”

“कशासाठी?”

कशासाठी! हाच प्रश्न तर लाखो लोक विचारत होते. त्याचं उत्तर एरेन स्वतःच देतो, आणि ते साधारण असं आहे की मलाही नीट माहीत नाही, पण करावंसं वाटलं. हे मी आईला सांगितलं. त्यानंतर दोन दिवस तिने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं.

आजीला मात्र सगळं सुरुवातीपासून हवं होतं. तिला मी काय काय सांगितलं! दोन हजार वर्षांपूर्वीची यमिर नावाची गुलाम मुलगी, जिने सगळं सुरू केलं, ती म्हणे तिला छळणाऱ्या राजाच्याच प्रेमात होती आणि इतकी वर्षं मिकासाची वाट बघत बसली होती. राणी हिस्टोरियाच्या बाळाचा बाप कोण यावर आम्ही वर्षभर रात्री जागवल्या, तर बाप म्हणजे एक शेतकरी. एवढंच. शेतकऱ्याला नावसुद्धा नाही. २०१८मध्ये जपानच्या टीव्हीवर इसायामांनी कथेचं शेवटचं चित्र म्हणून एक चौकट दाखवली होती, हातात बाळ घेतलेला माणूस, “तू स्वतंत्र आहेस.” त्या बाळाच्या पितृत्वावर जगभर जेवढा खल झाला तेवढा कोर्टातही होत नसेल. बाळ निघालं स्वतः एरेन, बापाच्या हातात.

आणि रायनर! हा माणूस अपराधाच्या ओझ्याने जीव द्यायला निघालेला, कथेतला सर्वांत खोल गेलेला गडी. शेवटच्या प्रकरणात तो काय करतो? तीन वर्षांनंतर, जहाजावर, हिस्टोरियाचं पत्र नाकाशी धरून हुंगतो. तिचं लग्न झालंय. जग ऐंशी टक्के मेलंय. हा पत्र हुंगतोय. ती चौकट मी मोठी करकरून पाहिली, की बाबा रे, रुमाल असेल. पत्रच होतं.

“तीन वर्षांनंतर?” आजीने मला तिथेच अडवलं. “म्हणजे लीप घेतला.”

“हो, पण आजी...”

“लीप घेतला की समजायचं, लेखकाला आता निभवायचं नाहीये.”

माझ्या ध्यानात आलं की फसलेल्या शेवटांचा घरात सगळ्यांत दांडगा अनुभव कुणाला असेल तर तो हिलाच. तिने सासवा सुधारताना पाहिल्यात, मेलेले नवरे परतताना पाहिलेत, खलनायिकेला शेवटच्या पंधरा मिनिटांत हात जोडताना पाहिलंय. एरेन मित्राजवळ भोकाड पसरून रडतो, मिकासाने दुसऱ्या कुणाकडे बघता कामा नये, निदान दहा वर्षं तरी माझीच आठवण काढावी म्हणतो, हे ऐकून ती फक्त “पुरुष” म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

मला विचाराल तर माझा राग घटनांवर नव्हताच. एरेन मरणार हे कळत होतं, मिकासाच्या हातून मरणार हेही पटलं. पण जे दहा वर्षं चित्रांतून, गप्प बसण्यातून कळत गेलं, ते सगळं शेवटी एरेन आणि आर्मिनला समोरासमोर बसवून बोलून टाकलं. त्यात आर्मिन त्याचे आभार मानतो, आमच्यासाठी तू एवढी माणसं मारलीस म्हणून! कुणी आग लावली म्हणून त्याला शाल-श्रीफळ द्यायचं?

मग एरेनचं थडगं. झाडाखाली मिकासा एकटी बसलीय, रडतेय, आणि एक पक्षी येतो. चोचीत तिच्या मफलरचं टोक धरतो आणि तिच्या गळ्याभोवती नीट गुंडाळतो. परदेशी वाचक यावर खो खो हसले. मला हसता येईना, कारण आजीने लगेच विचारलं, “शिवला म्हणायचा की नाही?” आता हे कसं नाकारायचं? पिंडाला पक्षी चक्क शिवला. तोही कावळा नव्हे, पांढऱ्या पोटाचा समुद्रपक्षी. मेलेला तृप्त झाला. अतृप्त राहिले ते वाचक, आणि आमच्यासाठी दर्भाचा कावळासुद्धा कुणी केला नाही.

जूनमध्ये ३४वा खंड आला, त्यात काही पानं वाढवली होती. मिकासा थडग्यापाशी येते, सोबत एक पुरुष, एक मूल. पुरुष पाठमोरा. झालं, पुन्हा भांडणं. आजीला मात्र समाधान वाटलं, पोरगी मार्गी लागली. पुढच्या पानांवर शहर उभं राहतं, विमानं येतात, सगळं बेचिराख होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

२०२२च्या नोव्हेंबरात इसायामा न्यूयॉर्कला चाहत्यांसमोर गेले आणि शेवटाबद्दल बोलताना गहिवरून त्यांनी माफी मागितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही तर फारच पंचाईत झाली. माफी मागितलेल्या माणसावर राग धरायचा कसा? पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ॲनिमेचा, म्हणजे याच कथेवरच्या ॲनिमेशन मालिकेचा, शेवट आला, त्यात ते आभारप्रदर्शन बदललं होतं. आर्मिन म्हणतो, दोष माझाही, नरकात भेटू. हे चांगलं होतं. मनापासून सांगते, फार चांगलं होतं, आणि त्यामुळे मी आणखी चिडले. सुचत होतं तर तेव्हाच का नाही लिहिलं?

रात्रीच मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, मी ते सगळं केव्हाच सोडलंय, माझा काडीचा संबंध नाही. मग त्या शेतकऱ्याचं नाव काय असावं यावरून आमची जुंपली. ती म्हणे सखाराम. तोंड बघा त्याचं एकदा, सरळ सरळ सोपान आहे.